सुंभ कुठे ठेवलाय

पपा गेले त्या पहाटे
आमच्या खळ्यात चाळीस माणसं उभी होती
आणि सुंभ कुठे ठेवलाय
हे एकालाही ठाऊक नव्हतं.

चिवे कोणाच्या बेटातले तोडायचे,
मडकं कुठून आणायचं,
लाकडांच्या शेडची चावी कोणाकडे,
तीस वर्षं हे सगळं
एकाच माणसाच्या डोक्यात होतं
आणि तो माणूस ओटीवर
नाकात कापूस घालून निजला होता.

बाबलो परबाने सवयीने फोन लावला.
खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात
तो वाजू लागला.
कोणी उचलेना, कोणी बंद करेना.
वाजून वाजून आपणच थांबला
तेव्हा बाबलो खळ्यात मटकन बसला.
"पुरशा," म्हणाला, "आता इचारूचा कोणाक?"

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर
काचेमागे बसून सव्वीस वर्षं
वेळ सांगितली त्यांनी
सावंतवाडीची, शिरोड्याची, पणजीची.
घरी मात्र कधी वेळेवर आले नाहीत.
आई दोनदा कढी गरम करायची.
तिसऱ्यांदा नाही.

एका अवघडलेल्या बाईसाठी
कुडाळची गाडी थांबवून ठेवली एकदा.
मेमो आला:
नऊ मिनिटांचा लेखी खुलासा सादर करावा.
पपांनी खुलासा लिहिला:
मुलगी झाली. दोघी सुखरूप.
त्याची कार्बन कॉपी अजून कपाटात आहे,
आईच्या लग्नपत्रिकेत घडी घालून.

लोकांच्या पडवीत झोपाळा असतो.
आमच्या पडवीत वॉकर, कुबड्या,
ऑक्सिजनचा सिलिंडर,
आणि बसायला भोक असलेली ती खुर्ची.
मैत्रिणी आल्या की मी त्यांना
मागल्या दाराने घरात घ्यायचे.

वहीत त्यांचं तिरकं अक्षर:
वॉकर. साळगांवकरांची आजी. नेला १२ जून.
परत आला ३ ऑगस्ट. आजी नाही.
सिलिंडर. डिसोझा मास्तर.
आणायला गेलो. मास्तरांनी स्वतः उठून चहा केला.
कुबड्या. तांडेलांचा थोरला.
परत नाहीत. मागू नये.

देव वगैरे नव्हते.
पत्त्यांत लबाडी करायचे.
आईच्या मेथीच्या डब्यातले पैसे
न विचारता कोणाच्या तिकिटाला द्यायचे.
माझ्या साखरपुड्यातून मध्येच उठले, रक्त द्यायला,
आणि परत आले ते कोपरात कापूस दाबून.
फोटोत सगळे सरळ उभे आहेत,
यांचा एकट्यांचा हात वाकडा.
मी तीन महिने धड बोलले नाही.

पण पेडवे आणले की
एकेका पेडव्याचा काटा काढून
मास माझ्या ताटात सरकवायचे,
स्वतः डोकी चोखत बसायचे.
मी बत्तीस वर्षांची झाले तरी.
माझी पोर शेजारी बसली तरी
आधी माझ्या ताटात.

सुंभ शेवटी आईने काढून दिला.
माळ्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेटीत,
मोजून कापलेली सहा वेटोळी.
माणसं हात पुढे करून उभी.
"एक घेवा," ती म्हणाली.
"बाकीची लागतली लोकांक."

अकराव्या दिवशी
उभादांड्याचा एक पोरगा दारात आला.
बोलायला धजेना.
चप्पल काढली, परत घातली.
मग म्हणाला, आजोबा न्हाणीत पडले.
आईने वही माझ्यापुढे सरकवली.
पपांच्या शेवटच्या नोंदीखाली
रेघ ओढू का, मी विचारलं.
"कित्याक? वही खंय सपली?"

मी लिहिलं. माझं अक्षर सरळ येतं,
त्या पानावर ते परकं दिसत होतं.

पोरगा वॉकर स्कूटरवर आडवा धरून गेला,
चार पाय आभाळाकडे,
तीनच पायांना रबर.
मी वही पुन्हा उघडली.
समासात, पेन्सिलीने, बारीक:
चौथं रबर आणणे.